थोरल्या पातेल्याचं बूड

आगोबा गेले ते मुंबईला, इस्पितळात. आणि मला कळलं ते इथं रेवदंड्याच्या धक्क्यावर, भर दुपारी, मचव्याच्या तांडेलाच्या तोंडून. शाळा सुटल्यावर मी घरी चालले होते. तांडेलानं लांबूनच मला पाहिलं, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि तो वाळूत नुसताच उभा राहिला... खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. राग आला. माघात भाचीचं लग्न ठरलेलं, आणि मुंबईला जाताना हा गृहस्थ पायरीवर उभा राहून मला बजावून गेला होता, "मास्तरीणबाय, कल्हईवाल्याला पातेल्याला हात लावू देऊ नका. मी येते. माझं पातेलं मीच करते." शब्दाचा इतका पक्का माणूस, आणि नेमका हा शब्द मोडून गेला. मी तांडेलावरच खेकसले, "नीट विचारून आलास ना?" त्या बिचाऱ्याचा काय दोष. तो म्हणाला, "व्हय बाय, माती देऊन आलो."

मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात त्यांच्यावर चार ओळी आल्या. चर्चमधल्या पितळी स्मृतिपाट्यांचे मोठे जाणकार वारले, असं काहीतरी. खोटं नाही त्यात, पण फणसाला काटे असतात एवढंच सांगून कुणी फणस संपवावा तसं मला ते वाटलं, म्हणून हे लिहायला बसले. साहेबांच्या देवळांत मेलेल्या माणसाच्या नावाची पितळेची पाटी भिंतीत नाहीतर जमिनीत बसवतात. कुठे नुसती अक्षरं, कुठे अख्खा माणूसच कोरलेला, हात जोडून उभा. अशा जुन्या पाट्या शोधायच्या, त्यांचे ठसे घ्यायचे, पितळ कुठल्या मुलखातलं, अक्षर कुठल्या वळणाचं, कोरणारा उजवा की डावखुरा, हे सगळं सांगायचं, हा आगोबांचा उद्योग. लांबलांबचे पाद्री त्यांना बोलावणी धाडत. आणि हे जाणकार राहायचे कुठे, तर आमच्या आत्याच्या सुपारीच्या वाडीत, विहिरीशेजारच्या खोलीत.

त्यांचं खरं नाव हागोप. आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं आगोबा केलं आणि पुढे पाद्रीही आगोबाच म्हणायला लागले. आर्मेनी माणूस, तुर्कांच्या मुलखातला. बाप बाजारात तांब्यापितळेवर नक्षी कोरायचा, हेही तेच शिकले. बाप लवकर वारला, आपल्या मरणानं. मग ते मोठं युद्ध आलं आणि त्यांच्या लोकांना घरांतून काढून रस्त्याला लावलं. त्या रस्त्यानं निघालेल्या घरातला हा एकटा बसऱ्याला पोचला आणि तिथून बोटीनं मुंबईला. फोर्टात एका पाट्या कोरणाऱ्याच्या दुकानात काम मिळालं. देवळांतल्या जुन्या पाट्या दुरुस्तीला यायच्या, त्या हाताळता हाताळता वेड लागलं. दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांचं वेड, असं मी एकदा त्यांना चिडवलंही होतं. त्यावर मान हलवून म्हणाले, "बरोबर बोललात."

आमच्याकडे ते आले खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीतल्या पाद्रीच्या बोलावण्यावरून, एक पाटी बघायला. आले आणि हिवतापानं आडवे झाले. पाद्री अलिबागेस गेलेला, तरीवाला ह्यांना अलीकडे आणून धक्क्यावर ठेवून मोकळा झाला. आत्या बाजारातून येत होती. एवढा धिप्पाड माणूस, ह्या एवढाल्या मिशा, आणि थंडीनं दात वाजतायत. तिनं विहिरीकडची खोली उघडली आणि पेजेची वाटी दाराबाहेर ठेवली. गावानं तोंडं वाकडी केली. आत्या म्हणाली, "बरा झाला की जाईल." बरे झाले, पण गेले नाहीत. दाराबाहेरची वाटी मात्र पुढे कधी उंबऱ्याच्या आत गेली ते आत्यालाही सांगता येणार नाही.

मराठी ते विहिरीवर शिकले, बायकांत. त्यामुळे शेवटपर्यंत "मी जाते, मी जेवते, मी आली" असंच बोलायचे. सकाळी मिशांना खोबरेल लावून हा पुरुष दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी आज पलीकडे जाते." शाळेतल्या मुली पदर तोंडात कोंबून हसायच्या. मी पुष्कळ शिकवून पाहिलं. मास्तरीण म्हणून माझी हार झालेली ती एक जागा. आणि आनंद झाला की तो त्यांच्या अंगात मावायचा नाही. वहाणा विसरून अनवाणी निघायचे, पोचल्यावर पाय भाजले म्हणून उड्या मारायचे, आणि तशाच उड्या मारत काय सापडलं ते सांगायचे.

त्यांनी पहिल्यांदा मला पलीकडच्या देवळात नेलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आत्याही होती बरोबर, बाहेर झाडाखाली बसलेली. जमिनीत एक पितळेची पाटी. तिच्यावर त्यांनी पातळ कागद पसरला, कडांना दगड ठेवले, आणि मोची वापरतो तसल्या काळ्या मेणाच्या गोळ्यानं हलक्या हातानं घासायला सुरुवात केली. जिथं कोरलेलं असेल तिथं कागद पांढरा राहतो, बाकी काळा होतो. बघता बघता त्या कागदावर एक बाई उगवायला लागली. आधी जोडलेले हात, मग पदरासारखं काहीतरी, त्याची चुणी अन् चुणी. मी म्हटलं, "आता तोंड करा." ते थांबले. म्हणाले, "तोंड नाही." कागद तोंडाच्या जागी काळाच्या काळा. आणि कमरेखाली पाटीच नव्हती. कुणीतरी कधीतरी छिन्नीनं तोडून नेलेली, आणि नाव असतं ते त्या खालच्या भागात.

तोंड कुठे गेलं ते तिथल्या तिथेच कळलं. देवळाची झाडलोट करणारी मारियाबाय चिंच आणि राख घेऊन आली आणि बसली की पाटी घासायला. वाडीतल्या बायका दर सणाला घासत आलेल्या, तिची आई, आईची आई. आगोबांनी तिचा हातच धरला. पितळ काळं पडू दे, काळं पडणं हेच त्याचं पांघरूण, घासाल तर उरलेलीही जाईल, असं ते त्यांच्या त्या बायकी मराठीत काकुळतीला येऊन सांगत होते. मारियाबायनं हात सोडवून घेतला. "मयताच्या तोंडावर काळं ठेवू? कुनाची मयत ती आमाला ठावं न्हाय, पन आता आमचीच हाय." आगोबा घरी आले ते तणतणतच, आणि संध्याकाळी बघतात तर अंगणात आत्या चिंचेनं घागर घासत बसलेली. तिच्याकडे असं बघितलं की तिचा हात थांबला. "आता माझी भांडी पन काळी ठेवू का रं?"

पितळेची अशी पाटी साऱ्या किनाऱ्यावर ही एकच, असं ते सांगायचे. दगडाच्या रग्गड आहेत, फिरंग्यांच्या जुन्या कोटात फिरलात तर पायाखाली येतात. ही मात्र समुद्रापलीकडून आलेली, पितळसुद्धा इकडचं नव्हे. तिचा तुटलेला तुकडा शोधायचा ध्यासच घेतला त्यांनी. तुटलेल्या कडेच्या मापाचा एक दोरा कायम खिशात. कुणी सांगितलं बोर्ली पंचतनला एका घरी अक्षरं कोरलेलं जुनं पितळ आहे, की निघाले. आत्याची नणंद बोर्लीला, म्हणून आम्हीही निघालो. आगरदांड्याला तरीत बसलो, दिघीला उतरलो, पुढे बैलगाडी. वाटभर आगोबांची टकळी चालू, पाटीवर काय असेल, कुठल्या भाषेत असेल. पोचलो तर काय, भात भरडायच्या गिरणीच्या इंजिनावरची विलायती कंपनीची पाटी. आत्या गाडीतच बसून राहिली, हसू आवरेना तिला. आगोबांनी मात्र तिचाही ठसा काढला आणि गिरणीवाल्याला भेट दिला. तो त्यानं देवांच्या तसबिरींशेजारी लावला म्हणे.

परतताना तरीत मी त्यांना विचारलं, की एवढ्या जुन्या, कोण कुठल्या बाईसाठी हा जीव का टाकता. ते म्हणाले, "माझ्या आईला पाटी नाही. दोन बहिणी, एक धाकटा भाऊ... त्यांना पण नाही. रस्त्यात गेली सगळी. जिथं गेली तिथं वाळू आहे. ज्यांना पाटी होती त्यांची तरी हरवायला नको." मी नावं विचारली. त्यांनी खिशातला दोरा काढला, बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग आत्याला म्हणाले, "घरी गेल्यावर चहा करशील?" पुन्हा मी तो विषय काढला नाही.

आता थोरल्या पातेल्याबद्दल सांगायला हवं. ते गावकीचं, पितळेचं, वाशाला टांगून दोघांनी उचलायचं एवढं. कधीपासून आहे कुणाला माहीत नाही. ठेवायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे आत्याकडे. गावात लग्न असलं की त्यात वालाचं बिरडं शिजायचं. आणि बिरडं तळाला लागलं की आचाऱ्याचा लोखंडी कालथा बुडावर खडखड वाजायचा. आमच्याकडे त्याला "पातेलं बोललं" म्हणतात. पातेलं बोललं म्हणजे पाहुणे जेवले, आता घरच्यांनी पानावर बसायचं. दुसऱ्या गावांत आचारी हाक मारतो, आमच्याकडे पातेलं. ही खडखड ऐकतच आम्ही सगळी वाढलेली, त्यामुळे ती कशानं होते असं कुणाच्या मनातच कधी आलं नव्हतं.

आत्याच्या नातीचं लग्न होतं, म्हसळ्याला दिली तिला. आगोबा मांडवाच्या कडेला, वेगळ्या पानावर. पातेलं बोललं आणि मी पाहिलं, त्यांचा घास हातातच राहिला. मान वाकडी करून ऐकत होते. पुन्हा कालथा फिरला, पुन्हा खडखड. मला खुणेनं बोलावलं, म्हणाले, "लोखंड रेघांवरून जातंय. कोरलेल्या रेघांवरून." मी म्हटलं, आधी जेवा. नवरीची पाठवणी होईपर्यंत त्या माणसानं कसा दम धरला देव जाणे. वऱ्हाड गेलं, पातेलं घासून विहिरीवर पालथं घातलं, तसे धावत आले. उताणं करायला लावलं, डोळे मिटले आणि आत खांद्यापर्यंत हात घातला. बोटं बुडावरून फिरवली. हात बाहेर न काढताच म्हणाले, "आत्याला बोलवा. दुसऱ्या कुणाला नको."

बूड जोडलेलं होतं. कुण्या तांबटानं जुनं बूड झिजल्यावर हाताशी आलेला जाड पत्रा बसवला असणार, आणि अक्षरं आतल्या अंगाला ठेवली. बाहेरच्या अंगाला ठेवली असती तर चुलीनं आणि राखेनं केव्हाच पुसली असती. आगोबांनी बोटभर कल्हई खरवडली. आत अक्षरं, काल कोरल्यासारखी! दोरा लावला, कड बरोब्बर जुळली. मी आनंदानं टाळ्याच वाजवल्या, आणि मग आत्याच्या तोंडाकडे बघितलं. पलीकडे मायेनं घासून घासून तोंड गेलं होतं, आणि इकडे आम्ही दर वर्षी नकळत नावावर कल्हई घालत आलो होतो म्हणून नाव राहिलं होतं. पण हे बोलायचं कुणापाशी?

कारण तेव्हाचे दिवस आठवा. ख्रिस्तावाच्या हातचं पाणी प्यालं तरी माणसाला वाळीत टाकायचे, आणि इथं तर ख्रिस्तावाच्या थडग्यावरचं पितळ. त्यात पिढ्यान् पिढ्या गावाची लग्नं जेवलेली. त्याच दिवशी म्हसळ्याचे व्याही जेवून गेलेले. फुटलं असतं तर नातीला उलट्या पावली परत धाडली असती, आणि पातेलं सांभाळणारी म्हणून पहिलं बोट आत्याकडे. आगोबांनाही हे कळत होतं. त्यांच्या साऱ्या जन्माचा शोध त्यांच्या पुढ्यात पडला होता. तरी म्हणाले, "आत्या, तू सांग. तू सांगशील तर आत्ता कल्हई करते. कुणी नाही बघितलं. मी पण नाही."

आत्या म्हणाली, "काय लिवलंय ते तरी वाच."

त्यांनी वाचून सांगितलं. हिचं नाव इजाबेल. कप्तानाची बायको. बाळंतपणात गेली, बाळासकट. वाचणाऱ्यानं तिच्यासाठी एकदा देवाचं नाव घ्यावं. आत्या विहिरीच्या कठड्यावर बसली. आत्याची एकुलती एक मुलगी बाळंतपणातच गेलेली, आणि तिच्या मागे राहिलेलं ते बाळ म्हणजेच ही आत्ता सासरी गेलेली नवरी. आगोबांना ते ठाऊक होतं, त्यांनी मान खाली घातली. मग आत्या उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "कमळे, सकाळी गावकी बोलीव. मी सांगते."

गावकी बसली आमच्या गावदेवाच्या देवळात, सभामंडपात. आत्या खांबाला टेकून उभी. पातेलं मध्ये ठेवलेलं, बोटभर कल्हई खरवडलेलं. तिनं सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. मग जी काय कालवाकालव झाली! कुणी म्हणतो पातेलं खाडीत टाका, कुणी म्हणतो प्रायश्चित्त घ्या, कुणी आगोबांना हाकला म्हणतो. आत्या सगळ्यांचं होऊ देऊन म्हणाली, "बाळंतीन गेलेली बाय ती. तिच्या नावावर शिजलेलं अन्न खाऊन ह्या गावातली लग्नं झाली, पोरं झाली, तुमी सगळे झाले. तिचा इटाळ लागायचा असता तर आज हितं बोलायला कोन उरला असता?" एक म्हातारा कुरकुरला, की म्हसळेकरांना काय तोंड दाखवायचं. ते तोंड दुसऱ्याच दिवशी आलं, गाडी जुंपून, लालेलाल. आत्यानं त्यांना ओटीवर बसवलं आणि म्हणाली, "व्याही, बिरडं किती वेळा मागून घेतलंत ते मला पाठ हाय. बोलू का?" व्याही आधी फुरफुरले. मग त्यांना हसू फुटलं. नात नांदली, आता तिला तीन मुलं आहेत.

ठरलं असं की बूड पलीकडच्या देवळाला द्यायचं आणि पातेल्याला नवं बसवायचं. नवं कोण करणार? आत्या म्हणाली, आगोबा करंल. पुन्हा एक जण उठला, की ख्रिस्तावाच्या हातचं बूड... आत्यानं त्याला तिथंच बसवलं. "पितळ आगीतनं जातं. आग काय त्याच्या बापाची हाय?"

ते बूड तरीत घालून पलीकडे नेलं तो दिवस सणासारखा होता. अलीकडच्या बायका काठावर, पलीकडच्या बायका काठावर. आगोबा तरीत मध्ये उभे, अनवाणी, पाटी छातीशी. तरीवाला ओरडतोय खाली बसा, बुडवाल. ऐकतायत कुठले. दोन्ही तुकडे जुळले तेव्हा मारियाबायनं वाकून नावावर बोट ठेवलं आणि तीनतीनदा म्हणून पाहिलं, इजाबेल, इजाबेल. मग आगोबांशी तिनं तह केला. "तोंड आमचं, नाव तुजं." म्हणजे वरचा भाग बायका घासणार, खालच्याला हात लावणार नाहीत. आजही तिथं गेलात तर वरची बाई झळझळीत आणि नावाच्या ओळी काळ्याभोर दिसतील. पुढे ह्या पाटीवर आगोबांचा लेख छापून आला, बोटीनं गोरे विद्वान बघायला आले, आणि हे मिशांना दुप्पट खोबरेल लावून त्यांना पाटीच्या आधी पातेलं दाखवायला न्यायचे.

नवं बूड त्यांनी आपल्या खोलीत केलं, दार लावून. मी विचारलं तर म्हणाले, "कारागीर काम करताना दाखवत नाही." पातेलं बाहेर आणलं ते कल्हई करूनच. आणि तेव्हापासून दर वर्षी लग्नसराईआधी कल्हई करायची ती त्यांनीच. म्हसळ्याचा इस्माइल कल्हईवाला रुसायचा, गावची बाकी सगळी भांडी माझ्याकडे आणि हे एक का नाही म्हणून. सगळ्यांना वाटायचं, गावाचे उपकार फेडतायत. मला एवढीच गंमत वाटायची की नव्या बुडाचं पातेलंही तसंच बोलायचं, खडखड. एका लग्नात मी त्यांना टोमणा मारला, "काय आगोबा, एवढे कारागीर तुम्ही, आणि बूड काही सपाट नाही जमलं." कामात खोट काढली की ह्या माणसाचा तिळपापड व्हायचा. एकदा मुंबईच्या पाद्रीनं एक अक्षर वाकडं म्हटलं तर त्याच्याशी वर्षभर अबोला. पण त्या दिवशी नुसते हसले. "पातेलं बोलायला नको? मग घरच्यांना कळणार कसं?"

गेल्या पावसाळ्यात खोकला लागला तो हटेना. आत्यानं काढे केले, मी रागावले, शेवटी त्यांना मुंबईला पाठवलं. पायरीवर उभं राहून ते काय बजावून गेले ते वर सांगितलंच आहे.

पौषात इस्माइल आला. मी त्याला सांगितलं, बाबा, आता तुझंच काम. वाडीत खड्डा केला, भाता लावला, पातेलं घासायला घेतलं. मी ओटीवर मुलींच्या वह्या तपासत बसले होते. नवसागराच्या धुराचा वास यायचा तो येईना, म्हणून बघायला उठले, तर इस्माइल पातेल्यात डोकं घालून बसलेला. म्हणाला, "बाय, ह्यात काहीतरी लिवलेलं हाय."

जुनी कल्हई उतरली होती. बुडावर अक्षरं. आमची नाहीत, इंग्रजी नाहीत, आगोबांच्या मुलखाची, ती गोल गोल आकड्यांसारखी. अशी सुबक, की त्यांनी एवढं सुंदर काम दुसऱ्या कुठल्या पाटीवर केलेलं मी पाहिलं नाही. चार ओळी. मला त्यातलं अवाक्षर वाचता येत नाही. पण प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द एकच होता, आणि तो शब्द मला ओळखू येत होता, त्यांच्या प्रत्येक छिन्नीच्या मुठीवर तो कोरलेला आहे. त्यांच्या घराण्याचं नाव. मी आत्याला हाताला धरून आणलं, तिला आता धड दिसत नाही. तिनं आत हात घातला आणि बोटांनी ओळी चाचपल्या.

"चार हायत?" तिनं विचारलं.

"चार."

"आय... दोन भैनी... धाकला भाव," तिनं बोटांवर मोजलं. मग तिचा हात खाली सरकला आणि थांबला. चार ओळींखाली एक जागा आखून ठेवलेली. आखणीच्या दोन बारीक रेघा आणि मध्ये काही नाही. इतकी वर्षं आम्ही ह्यांना पाट्यांचे जाणकार म्हणत होतो. सगळी देवळं, सगळे दगड बघितलेला माणूस. त्यानं आपल्या माणसांसाठी जगातली सगळ्यांत सुरक्षित जागा निवडली ती ही, आमच्या बिरड्याखाली, कल्हईच्या पांघरुणात, जिथं दर लग्नात कालथा त्यांच्यावरून फिरेल. इस्माइल म्हणाला, कल्हई करू का तशीच? आत्या म्हणाली, "थांब. जागा सोडल्यान् त्यानं. ती भरल्याबिगर न्हाय."

तांबटाला बोलावणं धाडलं. अक्षरं काढून द्यायचं काम माझ्याकडे. मी शाळेतली पाटी घेतली, डोळे पुसले आणि ठळक लिहिलं, हागोप. आत्यानं विचारलं, काय लिवलंस? मी वाचून दाखवलं. ती चिडली. "ह्यो कोन हागोप? आमच्याकडं ह्या नावाचा कुनी न्हवता. आगोबा लिव." मी पुसून पुन्हा लिहिलं. तांबटानं दोन रेघांच्या मध्ये तसंच्या तसं कोरलं. मग इस्माइलनं नवसागर टाकला, कथील फिरवलं, आणि पाचही ओळी पांढऱ्या झाल्या.

माघात भाचीचं लग्न झालं. बिरडं शिजलं, पंगती उठल्या. आत्या माजघराच्या दाराशी पाटावर बसून होती, कान मांडवाकडे. आचाऱ्याचा कालथा तळाला गेला आणि पातेलं बोललं.

"ऐकलंस कमळे?" आत्या म्हणाली. "आगोबा म्हनतोय, आता घरच्यांनी बसा."

मग आम्ही घरचे पानावर बसलो.